सांधेदुखीसाठी गाव सोडावे काय?

२०२३ च्या जुलै महिन्यात, ज्याला आपल्याकडे म्हातारा पाऊस म्हणतात त्या पुष्य नक्षत्राच्या धारा लागल्या असताना, आपल्या धर्मग्रामातील एक वयस्क जोडपे आमच्याकडे आले. दोघांत एकच छत्री होती, आणि ती नवऱ्याने धरली होती. बाईंच्या बोटांना छत्रीची मूठ धरवत नव्हती. पडवीत बसल्यावर त्यांनी ओला पदर पिळण्याचा प्रयत्न केला, तोही साधला नाही. चहाची कपबशी त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून प्यायली.

काम काय ते नवऱ्याने सांगितले. "फादर, जमीन विकावी म्हणतो. मुलगा विजापुरास आहे. तिकडची हवा कोरडी. हिच्या हाताला तिथे उतार पडेल असे जो तो म्हणतो. गिऱ्हाईक आले आहे, चतुर्थीच्या आत विसार देतो म्हणते. तुमचे काय मत?"

जांबोटीच्या बाजूला त्यांची दोन एकर भाताची जमीन, वर काजूची टेकडी, आणि आजोबांनी बांधलेले घर. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, हाडांचे शास्त्र नव्हे. त्यामुळे आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि विसार तेवढा घेऊ नका एवढे बजावले. त्या आठ दिवसांत आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत या प्रश्नासंबंधी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, ते येथे देत आहोत. कारण हाच प्रश्न घेऊन त्यानंतर आणखी चार घरची माणसे आमच्याकडे येऊन गेली आहेत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, हा प्रश्न वेडगळ नाही. आपल्या भागात दोन हवामाने अगदी शेजारी शेजारी नांदतात. मलप्रभा जेथे उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बेळगाव शहरात तेराशेच्या आसपास. आणि अथणी ओलांडून विजापूरकडे गेले की सहाशेच्या आतबाहेर. एका दिवसाच्या एस. टी. प्रवासात माणूस इरल्याच्या मुलखातून शाळूच्या मुलखात जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपडे चुलीवर वाळत घालावे लागतात, आणि लावणीच्या दिवसांत बायामाणसे तासन् तास थंड चिखलात वाकून उभी असतात. अशा ठिकाणी सांधे दुखतात असे म्हणणारा माणूस काही तरी अनुभवाचेच बोलत असतो. पावसाळ्यात वात वाढतो हे आयुर्वेदानेही सांगून ठेवले आहे.

आता शास्त्रज्ञ काय म्हणतात ते पाहू. गंमत अशी की, त्यांचेही एकमत नाही.

१९९६ साली रेडेलमायर आणि ट्वेर्स्की या दोघा संशोधकांनी आमवाताच्या १८ रोग्यांच्या दुखण्याची पंधरा महिने नोंद ठेवली व ती हवेच्या नोंदींशी ताडून पाहिली. काहीही संबंध आढळला नाही. त्यांचे म्हणणे असे की, पाऊस आणि दुखणे एकत्र आले तो दिवस माणसाच्या लक्षात राहतो, आणि पाऊस असून दुखले नाही तो दिवस तो विसरून जातो. २०१७ साली अमेरिकेत वृद्धांच्या दवाखान्यातील एक कोटीहून अधिक भेटींचा हिशेब मांडला गेला. पावसाच्या दिवशी सांधे व पाठ दुखते म्हणून येणाऱ्यांचे प्रमाण कोरड्या दिवसांपेक्षा वाढलेले दिसले नाही. (आमच्या मनात मात्र शंका आली. धो धो पावसात म्हातारी माणसे दवाखान्यात जातात तरी कशाला? घरीच कण्हत बसतात.)

दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे. २००७ साली बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाने गुडघ्याच्या झिजेच्या सुमारे २०० रोग्यांची पाहणी केली. तापमान उतरले आणि हवेच्या दाबात बदल झाला की दुखणे थोडे वाढते असे त्यांना आढळले. सर्वांत मोठी पाहणी इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठाची, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली. त्यात २,६५८ माणसांनी आपल्या मोबाईलवर रोजचे दुखणे नोंदविले. दमटपणा जास्त, हवेचा दाब कमी आणि वारा जोराचा, अशा दिवशी दुखणे वाढण्याचा संभव अधिक दिसला. परंतु किती अधिक? एरवी शंभर दिवसांत पाच दिवस दुखणे उसळत असेल, तर तसल्या वाईट हवेत सहा दिवस. म्हणजे फरक आहे. पण घरदार विकण्याएवढा तो आहे काय, हे ज्याने त्याने ठरवावे. शिवाय ही सारी माणसे परदेशातील, घरात बसून उबेची सोय असणारी. चिखलणीच्या शेतात उभ्या असलेल्या बाईची अशी पाहणी आमच्या वाचनात आलेली नाही, आणि तिचा फरक याहून मोठा असेल असे आम्हांला वाटते.

हवेच्या दाबाविषयी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पणजी समुद्रकाठी आहे, बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. चोर्ला घाट चढून वर आले की हवेचा दाब ऐंशीएक मिलिबारने उतरतो. पावसापूर्वी आभाळ भरून येते तेव्हा तो उतरतो फार तर पाच-दहा मिलिबार. आणि आपल्या उष्ण प्रदेशात तर तो रोज दोनदा तीन-चार मिलिबारने वरखाली होतच असतो. दाब उतरणे हेच जर सांधेदुखीचे मुख्य कारण असते, तर गोव्याहून येणाऱ्या प्रत्येक एस. टी.तील निम्मी माणसे जांबोटीला लंगडत उतरली असती. यावरून आम्ही एवढेच म्हणू की, शरीर नव्या ठिकाणच्या दाबाशी जुळवून घेते. थंडीने स्नायू आखडतात, सांध्यातील वंगण घट्ट होते, आणि पावसात माणूस हालचाल कमी करतो. ही कारणे आम्हांला अधिक पटण्यासारखी वाटतात. ती गाव न बदलताही पुष्कळशी दूर करता येतात.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न आम्ही त्या जोडप्याला विचारला, तेव्हा दोघेही एकमेकांकडे पाहू लागले. प्रश्न होता, "बाईंना कोणता संधिवात आहे?"

आपल्याकडे गुडघा दुखला तरी वात आणि बोट सुजले तरी वात. हे नाव फार घातक आहे. वयोमानाने, वजनाने आणि कष्टाने गुडघ्याची कूर्चा झिजते, तो एक प्रकार. सकाळी उठल्यावर सांधा थोडा वेळ आखडलेला असतो, पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, सुटतो. पुढे चालले, चढले की दुखतो. दुसरा आमवात. यात शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सारखीच सुजतात, आणि सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहूनही जास्त राहतो. तिसरा रक्तातील युरिक आम्लाचा, म्हणजे गाऊट. हा बहुधा रात्री येतो, पायाचा अंगठा लालभडक होतो आणि त्यावर चादरदेखील सहन होत नाही. चौथा चिकुनगुनियाच्या तापानंतरचा. २००६ च्या साथीत आपल्या राज्यात पुष्कळांनी तो भोगला, आणि कित्येकांचे सांधे महिनोन् महिने दुखत राहिले. या चौघांना एकच औषध नाही आणि एकच हवाही मानवत नाही.

या बाईंना सकाळी दोन तास मूठ मिटता येत नसे. दोन वर्षे त्या कुठल्याशा वैदूच्या पुड्या घेत होत्या. पुडीने चार दिवस फार बरे वाटे, मग दुप्पट दुखे, आणि चेहऱ्यावर सूज आली होती. असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेले असते. आम्ही त्यांना विजापूरचे तिकीट काढण्याआधी बेळगावचे तिकीट काढावयास लावले. रक्ततपासणी झाली, हातांची क्ष-किरण छायाचित्रे झाली, आणि आमवात ठरला. पुड्या अचानक बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू केले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू झाले.

या औषधाविषयी येथे ठळकपणे सांगतो, कारण यात माणसे दगावली आहेत. सांधेदुखीसाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज नव्हे. वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. मधूनमधून रक्त तपासून घ्यावे लागते. गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढा धीर धरावा लागतो. आमवातात सुरुवातीचे महिने वाया गेले की हाडे झिजून बोटे कायमची वाकडी होतात, आणि तेथे विजापूरची हवा काय, स्वित्झर्लंडची हवा काय, काहीच कामास येत नाही.

त्याचबरोबर आम्ही त्यांना एक शंभर पानी वही दिली. रोज सकाळी हात किती मिनिटांनी सुटला तेवढेच लिहावयाचे. बाईंना लिहिता येत नव्हते म्हणून नवऱ्याने लिहावे असे ठरले. ऑगस्टात वहीत 'दोन तास' असे आहे. डिसेंबरात 'पाऊण तास'.

त्यांनी विसार घेतला नाही. परंतु विजापूरचा विचारही सुटला नव्हता, आणि तो सुटावा असा आमचा आग्रहही नव्हता. आम्ही एवढेच म्हटले की, विकण्याआधी तेथे एक पुरे वर्ष राहून पाहा. पुष्कळ लोक पाहुणे म्हणून दिवाळीनंतर किंवा नाताळानंतर आठ दिवस जातात, ऊन छान पडलेले असते, कामे नसतात, नातवंडे पाय चेपतात, आणि सांधे सुटल्यासारखे वाटतात. ती हवेची परीक्षा नव्हे. बारा महिने पाहिले पाहिजेत.

त्याप्रमाणे शेत पुतण्याला एका वर्षापुरते वाट्याने दिले, म्हैस शेजारी बांधली, आणि जून २०२४ च्या मध्यावर दोघे विजापुरास गेली. जाण्याआधी मुलाच्या घराविषयी आम्ही काही चौकशा केल्या, त्या सांगितल्या पाहिजेत, कारण लोक हवा विचारतात आणि जिना विचारीत नाहीत. मुलगा वरच्या मजल्यावर राहात होता. रोज चारदा जिना चढउतार करावयाचा असेल तर कोरड्या हवेने गुडघ्याला जे मिळेल ते जिना काढून घेईल. संडास खाली उकिडवे बसावयाचा होता. त्यावर ठेवण्याची खुर्ची बाजारात मिळते, ती घेतली. मुलाने तळमजल्यावरची खोली भाड्याने पाहिली. आणि पाणी तपासले.

पाण्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. दख्खनच्या कोरड्या भागात अनेक ठिकाणी कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराईड अधिक असते. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले की दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे पाठ, मान आणि सांधे ताठरतात, आणि लोक त्यालाही वातच म्हणतात. हैदराबादजवळच्या नलगोंडा जिल्ह्यात या रोगाने माणसे अक्षरशः कमरेत वाकली. पाण्यातील फ्लोराईड तुरटी व चुन्याने काढण्याची जी पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने बसविली, तिला त्या जिल्ह्याचेच नाव पडले आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड ठीक, आणि दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटले की ते दाट होते. मुलाच्या वाड्यातील बोअरचे पाणी तपासणीत मर्यादेबाहेर निघाले. तेव्हापासून पिण्यास व स्वयंपाकास ते नळाचे नदीचे पाणी भरू लागले. म्हणजे संधिवातासाठी गाव सोडून जावे आणि तेथे नव्याने सांधे धरावेत, असे होऊ शकते. तपासणीची बाटली सरकारी प्रयोगशाळेत द्यावयास फार खर्च येत नाही. आपल्या डोंगराळ भागात झऱ्याचे पाणी पिणाऱ्यांना हे सुचतच नाही.

पहिला पावसाळा बाईंना खरोखर चांगला गेला. जुलै २०२४ च्या नोंदी वीस-पंचवीस मिनिटांच्या आहेत. नातेवाईक म्हणू लागले, पाहा, हवेचा गुण! आम्ही वही मागवून पाहिली. दोन तासांवरून पाऊण तासावर बोटे आली ती जांबोटीतच, गोळ्या लागू पडल्यावर. पुढची वीस मिनिटे कोरड्या हवेने दिली, की गोळ्यांनीच, की लावणीचा चिखल चुकला म्हणून मिळाली, हे सांगता येणार नाही. बाईंचे स्वतःचे मत शेवटचे होते, आणि आम्हीही त्याच बाजूला झुकतो.

डिसेंबरात मात्र नोंद पुन्हा पाऊण तासावर गेली. कोरड्या मुलखात दिवसा ऊन कडक आणि पहाटे गारठा बोचरा; ओलसर हवा पांघरुणासारखी उष्णता धरून ठेवते, ती तेथे नसते. लोक उन्हाळा धरून बेत करतात आणि माघातली पहाट विसरतात. रात्री हातमोजे घालून झोपणे आणि सकाळी घंगाळातल्या कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडमिट करणे, यांनी पुष्कळ काम झाले.

एप्रिलात, ज्याची कोणालाच काळजी नव्हती, तो नवरा आडवा झाला. पारा चाळिशीच्या वर. बसून खाण्याची सवय नाही म्हणून गृहस्थ मुलाच्या एका ओळखीच्या मळ्यात भर दुपारी बांध घालीत होते, आणि गावाकडच्या सवयीने पाणी पीत होते, म्हणजे अगदी थोडे. एका रात्री उजव्या पायाचा अंगठा पेटल्यासारखा झाला. युरिक आम्ल वाढलेले निघाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत हेच आढळले होते की, गाऊटचे झटके उष्ण आणि कोरड्या हवेत अधिक येतात. अंगातील पाणी आटते आणि आम्ल दाट होते. म्हणजे एका घरात दोन संधिवात, आणि एकाला मानवणारी हवा दुसऱ्याला वैरीण. (गृहस्थांनी आम्हांला सांगितले की त्या महिन्यात उर्राकचा थेंबही घेतला नव्हता. विजापुरात ती मिळत नाही, हे आम्हीही जाणतो.)

त्यात त्यांनी दुकानातून स्वतःच वेदनाशामक गोळ्या घेतल्या. अंगात पाणी कमी, वर कडक ऊन, आणि पोटात असल्या गोळ्या, या तिन्हींच्या मेळाने मूत्रपिंडे बिघडतात. मुलाने वेळीच दवाखान्यात नेले म्हणून निभावले. उष्ण प्रदेशात जाऊन राहणाऱ्या, सांधेदुखीच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट डॉक्टरांना विचारूनच ठेवावी.

माणसांची उणीव हा भाग आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तो ज्याचा त्याला ठाऊक असतो. मुलगा-सून दिवसभर कामावर. बोलावयास कोणी नाही. मिस्सा कन्नडमध्ये असे, ती बाईंना कळे पण गाणी ओठांवर येत नसत. माणूस बोलता-चालता राहिला नाही की सांधेही बसून जातात. बाईंनी शेजारच्या दोघींशी ओळख काढून संध्याकाळी चालावयास सुरुवात केली, हे त्यांचे शहाणपण.

मे २०२५ अखेर ती दोघे परत आली, वही घेऊन. आमच्यासमोरच हिशेब झाला. बाईंना पावसाळ्याचे चार महिने तिकडे बरे. थंडीत दोन्हीकडे सारखेच. उन्हाळ्यात गृहस्थांना तिकडे नकोच. मग घर विकावयाचे कशाला? पुतण्या शेत वाट्याने करावयास तयार आहेच. २०२५ च्या जूनमध्ये बाई एकट्याच नातवंडांकडे गेल्या, औषधाची चिठ्ठी, रक्ताचे कागद आणि तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर घेऊन. गृहस्थ येथेच राहिले आणि त्यांनी घराचे काम काढले. झोपण्याच्या खोलीची गळणारी कौले बदलली, जमिनीवरचे अंथरूण उचलून खाटेवर नेले, संडासात कमोड बसविले, आणि चुलीपाशी बसण्यासाठी बाजेएवढ्या उंचीचे लाकडी स्टूल करून घेतले, म्हणजे बाईंना उकिडवे बसावे लागू नये.

ज्यांना असे चार महिने जावयास मुलगाही नाही आणि विजापूरही नाही, त्यांनी निदान एवढे करावे. लावणीला रबरी बूट घालून उतरावे आणि दर तासाने बांधावर येऊन पाठ सरळ करावी. ओले कपडे अंगावर वाळवू नयेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ ताणून दहा अंक मोजेपर्यंत धरावा, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. जाड माणसांनी वजन उतरवावे. एक किलो उतरले तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, असे एका अमेरिकन पाहणीत २००५ साली मोजून दाखविले आहे. मिस्सेत ज्यांना गुडघे टेकवत नाहीत त्यांनी बसून राहावे, शेजारीण काय म्हणेल याचा विचार करू नये. आमचाही डावा गुडघा अलीकडे वेदीपुढे कुरकुरतो.

२०२५ च्या नोव्हेंबरात भातकापणीला बाई परत आल्या. कापणी त्यांच्या हातून होत नाही, पण कापणाऱ्यांसाठी नाचणीच्या भाकऱ्या त्यांनी थापल्या, आणि वहीत त्या दिवशी 'अर्धा तास' असे लिहिले आहे. अक्षर या वेळी त्यांचे स्वतःचे आहे, नातीने शिकविले. जमिनीचे गिऱ्हाईक त्याच आठवड्यात पुन्हा चौकशीला येऊन गेले. गृहस्थांनी त्यांना नव्या स्टुलावर बसवून चहा पाजला आणि परत पाठविले.